पहिला गडी कोणता मागायचा?

(स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला सांगितलं, "तू फुटबॉलवर बोल. पण पेठांची भांडणं काढू नकोस, आणि पंधरा मिनिटांत आटप." कोल्हापुरात फुटबॉलवर बोलायचं आणि पेठांवर बोलायचं नाही, म्हणजे रस्सा वाढायचा आणि मीठ घालायचं नाही. तरी प्रयत्न करतो. सर समोर बसलेत, त्यामुळे वेळ पाळेन. सरांची शिट्टी अजून कानात आहे.

विषय मी ठरवलेला नाही. तो आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरला. गेल्या महिन्यात शिकागोहून आपल्या एका मित्राचा मेसेज आला, तो तुम्ही सगळ्यांनी वाचला आहे. निम्म्या लोकांनी त्यावर नुसता अंगठा टाकला, कारण कुणालाच काही कळलं नव्हतं. त्याने लिहिलं होतं, "आमच्या शिकागो बेअर्सने पहिल्याच फेरीत टाइट एंड घेतला. बरोबर की चूक, सांगा." मग बारा दिवस वाद चालला. शेवटी दोघं ग्रुप सोडून गेले. दोघं परत आले आणि आज शेजारी शेजारी बसलेत, म्हणून बरं.

आधी तो काय म्हणत होता ते सांगतो. अमेरिकेतला फुटबॉल आपला नव्हे. त्यांचा चेंडू लांबट, तो बहुतेक वेळ हातात, आणि अंगावर चिलखत. त्या खेळात टाइट एंड नावाची एक जागा असते. हा गडी कधी समोरच्याला अंगाने अडवून आपल्या माणसाला वाट करून देतो, तर कधी स्वतः पुढे पळून पास पकडतो. म्हणजे हमालीही त्याने करायची आणि गरज पडली तर गोलही त्यानेच. तिकडे दरवर्षी एप्रिलमध्ये ड्राफ्ट होतो. ३२ संघ, सात फेऱ्या. साधारण आदल्या वर्षी जो संघ सर्वांत खाली, त्याला कॉलेजातून आलेल्या पोरांतला पहिला गडी मागायचा मान. २०२५ मध्ये शिकागोने दहाव्या क्रमांकावर कोल्स्टन लव्हलँड नावाचा टाइट एंड घेतला. भांडण असं की एवढा वरचा नंबर असल्या दोन्हीकडच्या गड्यावर खर्च करायचा, की त्यात पळणारा, गोल करणारा, पेपरात फोटो येणारा गडी घ्यायचा?

मी तो मेसेज वाचला तेव्हा उद्यमनगरात माझ्या शेडमध्ये लेथपाशी उभा होतो. वाचता वाचता मला आपल्या शाळेचं मैदान दिसलं. कारण हा ड्राफ्ट आपण रोज मधल्या सुट्टीत करत होतो की! दोन कॅप्टन समोरासमोर. खापरीचा तुकडा उचलायचा, एका बाजूला थुंकी लावायची आणि वर उडवायचा. "ओली की सुकी?" ज्याची बाजू पडेल त्याने पहिला गडी मागायचा. मग एक तुझा, एक माझा. शेवटी जो उरायचा त्याला "जा रे, तिकडं गोलीत उभा राहा." आज त्या शेवटी उरलेल्यांतला एक बँकेत मोठा साहेब आहे आणि माझी फाईल त्याच्या टेबलावर आहे, त्यामुळे जास्त बोलत नाही. वर्गातल्या मुलींना तर गडी म्हणून आपण कधी विचारलंच नाही. आज शाळेच्या त्याच मैदानावर मुली फुटबॉल खेळताना दिसतात. त्या वेळी विचारलं असतं तर आपल्या टीमला दोन चांगले फुलबॅक मिळाले असते, हे आता पटतं.

त्या मैदानावर माझा नियम एकच होता. पहिला गडी म्हणजे फॉरवर्ड. जो सर्वांत जोरात पळतो आणि गोल मारतो, तो माझा. बाकीचं नंतर बघू. माझ्यासमोरचा कॅप्टन मात्र दर वेळी एकाच पोराला पहिला मागायचा. उंच, सावळा, कमी बोलणारा. तो पोरगा धड बॅक नव्हता आणि धड फॉरवर्ड नव्हता. मागे जाऊन अडवायचा, चेंडू घेऊन पुढे यायचा, पास द्यायचा आणि परत मागे पळायचा. मी हसायचो. "पहिला नंबर फुकट घालवला की रं," म्हणायचो. त्याच्या टीमकडून आठवड्यातून चार दिवस मी हरायचो, पण ते मी कधी मोजलं नाही. मी फक्त माझ्या फॉरवर्डचे गोल मोजत होतो.

आता माझं वय झालं. गेली काही वर्षं मी आमच्या पेठेतल्या मंडळाच्या फुटबॉल संघाचं काम बघतो. मंडळाचं नाव घेत नाही, ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे. आपल्याकडे ड्राफ्ट नाही, पण हंगाम सुरू व्हायच्या आधी केएसएकडे खेळाडूंची नोंदणी होते. त्या दिवसांत कोल्हापुरात जी धावपळ असते ती कुठल्याही ड्राफ्टपेक्षा कमी नसते. पाटाकडील, शिवाजी तरुण, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब, खंडोबा, बालगोपाल, फुलेवाडी, सगळ्यांच्या कट्ट्यांवर एकच चर्चा. कोण कुणाकडे चालला, कोणाला किती दिले, परदेशी कोण येणार. वर्गणी मर्यादित, देणगीदार मोजके, आणि मागायचे गडी तेवढेच. म्हणून पहिला पैसा कुणावर लावायचा, हा प्रश्न मला दरवर्षी पडतो. शिकागोच्या मित्राने विचारला म्हणून नव्हे.

या बारा दिवसांच्या वादात दोन्ही बाजूंनी जे पुरावे आले त्यांतले चांगले तेवढे सांगतो.

पहिली बाजू म्हणते, दोन्हीकडचा गडी आधी घ्या. त्यांचा पहिला साक्षीदार क्लोद माकेलेले. २००३ च्या उन्हाळ्यात रिआल माद्रिदने डेव्हिड बेकहॅमला आणलं आणि त्याच उन्हाळ्यात मधल्या फळीत झाडू मारणाऱ्या माकेलेलेला चेल्सीकडे जाऊ दिलं. जर्सी खूप विकल्या गेल्या. पण स्पेनची लीग परत जिंकायला रिआलला २००७ साल उजाडलं. इकडे चेल्सीने २००५ मध्ये ५० वर्षांनी लीग जिंकली, आणि मधे उभा होता माकेलेले. दुसरा साक्षीदार एन्गोलो कान्ते. २०१६ मध्ये लेस्टर सिटी चॅम्पियन, कान्ते लेस्टरमध्ये. पुढच्या वर्षी कान्ते चेल्सीत, चेल्सी चॅम्पियन, लेस्टर बाराव्या नंबरवर. २०१८ मध्ये फ्रान्सने विश्वचषक जिंकला, तिथेही कान्ते. उंची पाहिली तर आमच्या काळात त्याला सगळ्यात शेवटी मागितलं असतं.

तिसरा साक्षीदार आपल्या देशातला. ऑक्टोबर २०१७, सतरा वर्षांखालचा विश्वचषक, दिल्ली. आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताच्या संघात फॉरवर्ड होता आणि सारं शहर टीव्हीसमोर बसलं होतं. अमेरिकेकडून हरलो, घानाकडून हरलो, कोलंबियाकडूनही २-१ असे हरलो. पण कोलंबियाविरुद्ध जो एक गोल झाला तो फिफाच्या विश्वचषकातला भारताचा पहिला गोल. तो कुणी मारला? जॅक्सन सिंगने, कॉर्नरवर हेडरने. आणि जॅक्सन खेळतो बचावाकडच्या हाफच्या जागी. फॉरवर्डांनी जीव तोडून खेळ केला, पण इतिहासात नाव लागलं ते मागून वर आलेल्या पोराचं.

चौथा साक्षीदार कबड्डीतला. आपल्या महाराष्ट्रात हे जास्त लोकांना कळेल. प्रो कबड्डीच्या दहाव्या हंगामासाठी पुणेरी पलटणने इराणच्या मोहम्मदरेझा शादलूला २ कोटी ३५ लाखांना घेतलं. तो अष्टपैलू. पकडीही करतो, चढाईही करतो. पलटण पहिल्यांदा चॅम्पियन झाली, मार्च २०२४. पुढच्या हंगामात त्याला हरियाणा स्टीलर्सने २ कोटी ७ लाखांना घेतलं. डिसेंबर २०२४ मध्ये हरियाणा पहिल्यांदा चॅम्पियन. दोन संघ, दोन पहिली विजेतेपदं, एकच गडी. हे ऐकल्यावर ग्रुपवर सगळे गप्प झाले. मला वाटलं वाद संपला.

पण दुसऱ्या बाजूकडेही साक्षीदार होते, आणि ते कच्चे नव्हते. शिकागोचाच मित्र म्हणाला, "लेका, आमच्याकडचं बघ." २०२१ मध्ये अटलांटा फाल्कन्सने काइल पिट्स नावाचा टाइट एंड चौथ्या नंबरवर घेतला. टाइट एंडला एवढा वरचा नंबर त्याआधी कधीच मिळाला नव्हता. पोरगं चांगलं निघालं, पहिल्याच वर्षी हजार यार्डांच्या वर गेलं. पण संघ? ७ जिंकले, १० हरले. पुढच्या वर्षी ७ आणि १०. त्याच्या पुढच्या वर्षीही ७ आणि १०. २०२४ मध्ये रेडर्सने ब्रॉक बॉवर्सला तेराव्या नंबरवर घेतलं. पोराने पहिल्याच हंगामात ११२ पास पकडले, नवख्या खेळाडूचा विक्रम केला. संघ १३ सामने हरला. आणि आज तिकडे ज्याची कीर्ती सर्वांत मोठी, तो ट्रॅव्हिस केल्सी २०१३ मध्ये तिसऱ्या फेरीत ६३ व्या नंबरवर मिळाला होता. जॉर्ज किटल तर पाचव्या फेरीत, १४६ वा. मित्राचं म्हणणं, जो माल मागच्या रांगेत मिळतो त्याला पुढच्या रांगेत जाऊन दाम का मोजायचा?

आपल्याकडचंही उदाहरण निघालं. जुलै २०१७ मध्ये मुंबईत आयएसएलचा ड्राफ्ट झाला. पहिला नंबर नव्या जमशेदपूर संघाचा. त्यांनी फॉरवर्ड घेतला नाही. अनस एडाथोडिका हा बचावपटू घेतला, १ कोटी १० लाखांना. ग्रुपवरचे अर्धे म्हणाले, "हे बघा, शहाणे लोक असंच करतात." उरलेले म्हणाले, "मग नंबर कितवा आला?" पाचवा. तेव्हा पहिल्या चारांत गेले तर पुढे खेळायला मिळायचं, तिथे हे पाचवे. बचाव उभा केला, पण पुढे गोल कमी पडले.

मग खरं काय? मी चार रात्री विचार केला. बायको म्हणाली, "एवढा विचार पोरीच्या लग्नाचा केला नव्हता." पण उत्तर मला मैदानात नाही, माझ्या शेडमध्येच सापडलं.

माझ्याकडे कामाला माणसं लागतात. लेथवर बसणारा टर्नर मला कधीही मिळतो. एक गेला तर दुसरा येतो, हातात थोडा फरक असतो, पण काम अडत नाही. आणि एक माणूस असा आहे ज्याला लेथ येतं, मिलिंग येतं, ड्रॉइंग वाचता येतं आणि मशीन बंद पडलं तर उघडताही येतं. कामाच्या वेगात तो माझ्या सर्वांत चांगल्या टर्नरच्या मागे आहे. पण तो चार दिवस गावाकडे गेला की माझी शेड लंगडी होते. दिवाळीला पगारवाढ द्यायची तर मी आधी कुणाची दिली? त्याची. तो सर्वांत चांगला म्हणून नव्हे. त्याच्यानंतरचा मिळत नाही म्हणून.

हाच हिशेब मैदानाला लावा. समजा, मधल्या सुट्टीत वीस पोरं उभी आहेत. त्यात चांगले फॉरवर्ड पाच, जवळजवळ सारखे. आणि मधे राहून दोन्हीकडे खेळणारा फक्त एक. मी पहिला नंबर फॉरवर्डवर लावला, तर समोरचा तो एकमेव गडी नेतो. माझ्याकडे मधे उभं राहायला कुणी उरत नाही, आणि त्याला त्याच्या पाळीला जवळपास माझ्याएवढाच फॉरवर्ड मिळतो. म्हणजे मी दोन्हीकडून गेलो. उलट समजा, चांगला गोल मारणारा एकच आहे आणि मधे खेळणारे पाच आहेत. तेव्हा तो गोल मारणारा आधी मागायला पाहिजे. म्हणजे पहिला गडी कोणता, हे तो किती मोठा यावर ठरत नाही. तो गेला तर त्याच्या जागी पुढच्या फेरीत कोण मिळणार, यावर ठरतं. पिट्सच्या वेळी चुकलं ते इथे, असं मला वाटतं. गडी चांगला होता, पण त्याच्याकडे पास फेकणारं आणि त्याच्या आजूबाजूचं आधी पक्कं नव्हतं. शिकागोने आदल्या वर्षी पहिल्याच नंबरवर पास फेकणारा केलेब विल्यम्स घेऊन ठेवला आहे. म्हणून आमच्या मित्राला मी लिहिलं, तुझ्या संघाने बरोबर केलं असावं. केल्सीचंही तेच. त्याला उशिरा घेतला तो तिसऱ्या फेरीतला माल होता म्हणून नव्हे, बाकीच्यांना ओळखता आला नाही म्हणून. असं रत्न मागे उरेल या भरवशावर पेठेचा संघ बांधता येत नाही.

आणखी एक गोष्ट. दोन कामं करणारा गडी तयार व्हायला वेळ लागतो. गोल मारणारा पहिल्याच सामन्यात गोल मारून दाखवतो आणि गॅलरी डोक्यावर घेते. शाहू स्टेडियमची गॅलरी कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. मधला गडी चांगला खेळला तर काही घडतच नाही. गोल होत नाही, आरडाओरडा होत नाही. जे घडलं नाही त्याला टाळ्या कोण देणार? म्हणून त्याच्यावर पैसे लावणाऱ्याला वर्ष-दोन वर्षं शिव्या खायची तयारी ठेवावी लागते.

इथपर्यंत हिशेब झाला. आता ज्यासाठी मी हे भाषण घेतलं ते सांगतो. संयोजकांना हा भाग मी आधी सांगितलेला नाही.

१९८६ चा ऑगस्ट. आपण दहावीत. आंतरशालेय स्पर्धेचा सामना, गांधी मैदान, आणि असा पाऊस की चेंडू लाथ मारली तिथेच रुतून बसायचा. सकाळी सरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "कॅप्टन, मधे कुणाला घालू?" सरांना बहुतेक त्या उंच पोराला घालायचं होतं. सर, मला आज तसं वाटतं. मी म्हणालो, "सर, तो धड बॅक नाही, धड फॉरवर्ड नाही. त्यापेक्षा आणखी एक फॉरवर्ड घ्या." सरांनी कॅप्टनचा मान ठेवला. तो पोरगा बुटांच्या नाड्या बांधून बाहेर बसला.

पहिला गोल आपण मारला. मी नाचलो. त्यानंतर आपली मधली जागा मोकळी होती आणि समोरच्यांना ते दहा मिनिटांत कळलं. चिखलात आपले पाच फॉरवर्ड पुढे अडकून पडले, मागे परत यायला कुणी नाही. दोन गोल त्याच मोकळ्या जागेतून झाले. २-१. तो पोरगा शेवटपर्यंत नाड्या बांधून बसला होता. सामना संपल्यावर सगळ्यांनी एकमेकांवर ढकललं. गोलीवर ढकललं, पावसावर ढकललं, रेफ्रीवर तर ढकललंच. चेंडूंची पिशवी शाळेपर्यंत त्याने उचलून आणली. एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून तो सरावाला आला नाही. मधल्या सुट्टीत भिंतीपाशी बसून डबा खायचा. त्याला परत कुणी बोलावलं नाही. मी तर नाहीच.

ही गोष्ट सामना हरल्याची नाही. सामने आपण पुष्कळ हरलो. ज्याची किंमत मला कळत नव्हती त्याला मी कवडीमोल ठरवलं, आणि ते ठरवायचा अधिकार माझ्याकडे होता, ही ती गोष्ट आहे. सरांनी मला विचारलं होतं आणि सर, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. पंधरा वर्षांचा होतो, हे खरं. पण पुढे चाळिशीतही मी मंडळात तेच केलं. बाहेरून स्ट्रायकर आणायचा म्हणून मधे खेळणारी पेठेतली पोरं नोंदणीत मागे टाकली, आणि ती दुसऱ्या पेठेत जाऊन आमच्याच विरुद्ध उभी राहिली. आमची कमिटी त्यांना गद्दार म्हणाली. मीही त्यात होतो. कोण गद्दार होतं ते आता कळतं.

या पावसाळ्यानंतर आमची बैठक आहे. दोन नावं समोर आहेत. एक बाहेरचा स्ट्रायकर, गोल मारतो, पण निम्म्याहून जास्त वर्गणी त्यातच जाणार. खेळाडू चांगला आहे, त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. घरदार सोडून हजारो मैल लांब येऊन पोटासाठी खेळतो, त्याचा मला आदरच आहे. आणि दुसरं नाव पेठेतल्या सतरा वर्षांच्या पोराचं. हाफला खेळतो, मागे पळतो, पुढे येतो. त्याचं नाव गॅलरीत अजून कुणाला माहीत नाही. दुसऱ्या मंडळाची माणसं त्याच्या घरी दोनदा चहा पिऊन गेली आहेत. त्याची आई आमच्या बायकोला भाजी मंडईत भेटली तर म्हणाली, "तुमचे साहेब कधी आले नाहीत."

आम्ही हिशेब मांडला. आमच्याकडे पुढे खेळणारी तीन पोरं आहेत. मध्यम आहेत, पण आहेत. मधे कुणी नाही. म्हणून मी बैठकीत हात वर करणार तो या पोरासाठी. आधी त्याची नोंदणी, उरलेल्या पैशात स्ट्रायकर. मिळाला तर मिळाला. आणि हंगामात पहिले चार सामने हरलो तर गॅलरीतून माझ्या नावाने जो उद्धार होईल, तो तुम्ही ऐकायला या. पण एक अट मी स्वतःलाच घातली आहे. नुसतं नाव नोंदवून त्याला नाड्या बांधून बाहेर बसवायचं नाही. गडी मागितला तर खेळवायचा.

आता शेवटचं. तो उंच पोरगा आज इथे आला आहे. वीज मंडळातून आता निवृत्तीला आला आहे, डोक्यावरचे केस गेलेत, उंची तेवढीच आहे. हे सगळं बोलायच्या आधी मी काल त्याला फोन केला आणि विचारलं, "सांगू का?" मला वाटलं, तो म्हणेल जाऊ दे, जुनी गोष्ट. तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "सांग. माझं नाव घेऊ नकोस. आणि त्या दिवशी पाऊस फार होता, तेही सांग. मी असतो तरी कदाचित हरलो असतो." एवढंच म्हणाला. मला माफ केलं की नाही ते त्याने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

पाऊस फार होता मित्रा, ते मी सांगितलं. पण तू असतास तर मधली जागा मोकळी नसती, हेही मी सर्वांसमोर, सरांसमोर सांगतो.

उद्या सकाळी सात वाजता शाळेच्या मैदानावर सामना आहे. पन्नाशीच्या पुढचा, दहा-दहा मिनिटांचा, डॉक्टर मित्र बाजूला बॅग घेऊन बसणार आहे. नंतर मिसळ आहे, त्यामुळे गर्दी होणार. गडी जुन्या पद्धतीनेच वाटून घ्यायचे, खापरी मी आजच शोधून खिशात ठेवली आहे. या वेळी मैत्रिणीही खेळणार, हे त्यांनीच मला बजावलं आहे. आणि ओली पडो की सुकी, माझी पाळी आली की मी पहिला गडी कोणता मागणार हे त्याला आता कळलं असेल. गुडघ्याला पट्टा बांधून ये, एवढंच सांगतो.

सर, वेळ थोडा जास्त घेतला. शिट्टी वाजवली नाहीत, आभारी आहे.